१८ वर्षं, १४ हजार किलोमीटर: या बॉक्स्टरचं नेमकं काय काय करून घेऊ?

कोकमसार
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, आज अडलोय म्हणून लिहितोय.

आमच्या थोरल्या काकांकडे २००७ची पोर्शे बॉक्स्टर आहे. ९८७ म्हणतात ती. २.७ लिटर, हाताने टाकायचे पाच गिअर, कापडी छत. मुंबईत २००८ला रजिस्टर झालेली, काकांनी वर्षभराने घेतली आणि गोव्यात आणली. दर रविवारी रायबंदरहून दोना पावला, तिथे समुद्र बघायचा आणि परत. एवढंच तिचं आयुष्य. घड्याळात १४,२०० किलोमीटर.

मग काकांचे गुडघे गेले. ते म्हणतात, "बसता येतं रे, उठायला दोन माणसं लागतात." तीन पावसाळे गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. गेल्या महिन्यात त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, चालव नाही तर विक, माझ्या डोळ्यांसमोर कुजू देऊ नको.

मुंबईच्या एका गॅरेजला फोटो आणि व्हिडिओ पाठवले. यादी आली: आयएमएस बेअरिंग, क्लच, वॉटर पंप, चारही शॉक अब्सॉर्बर, टायर, सगळी ऑइलं, कूलंटचे पाइप, प्लग, पट्टा, छताचं कापड. सव्वापाच लाख, वर टोइंग वेगळं. माझं बजेट दोन लाख. बायकोला सांगितलेलं बजेट सव्वा लाख.

प्रश्न असा की चौदा हजार किलोमीटर म्हणजे गाडी जवळजवळ नवीनच ना? यातलं खरोखर काय करायला हवं आणि काय सोडून देता येईल?

म्हापसा_बाजार
विका आणि त्या पैशात फॉर्च्युनर घ्या. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान तरी आणता येईल.

नुस्तें_हवें
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

दुबईतला_डिचोलकार
सगळं करून घ्या. असल्या गाडीत काटकसर करायची असेल तर घ्यायचीच कशाला? इथे आमच्या शेजाऱ्याकडे पोर्शे ९११ आहे, तो कंपनीच्या वेळापत्रकात एक दिवस इकडेतिकडे होऊ देत नाही.

कोकमसार
@डिचोलकार, मी घेतली नाही हो, माझ्या गळ्यात पडली. पगार गोव्यात होतो, दिरहॅममध्ये नाही. :)

निवृत्त_बाबू
आरसी?

पाना_तेरा
थांबा जरा. यादीतल्या पहिल्याच ओळीवर मला आक्षेप आहे.

या पिढीच्या पोर्शे इंजिनांत क्रँकशाफ्टखाली एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) असतो, साखळ्यांमार्फत तो कॅमशाफ्ट फिरवतो. त्या शाफ्टच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. तेच हे बदनाम आयएमएस. ते फुटलं तर साखळीचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. इथपर्यंत खरं. पण सगळ्यांत जास्त बोंब झाली ती साधारण २००० ते २००५च्या गाड्यांतल्या एका ओळीच्या बेअरिंगची. अमेरिकेतला सामूहिक दावा तडजोडीने मिटला तोही २००१ ते २००५च्याच गाड्यांपुरता. २००६पासून कंपनीने मोठं बेअरिंग घातलं आणि २००९मध्ये इंजिनच नवीन आलं, त्यात हा शाफ्टच नाही.

तुमची २००७ची म्हणजे मोठं बेअरिंग. ते टिकतं बरं. आणि मुख्य म्हणजे इंजिनचे दोन्ही अर्धे सुटे केल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. क्लच उतरवून मागून काढता येतं ते जुनं, छोटं. त्यामुळे ज्याने तुम्हाला क्लचसोबत 'आयएमएस बदलणे' लिहून दिलंय, त्याने एक तर गाडीचं साल बघितलेलं नाही किंवा दुसऱ्या गाडीची यादी तुम्हाला चिकटवली आहे. ती ओळ खोडा. क्लचही खोडा, चौदा हजारात क्लच जात नाही. फार तर उभं राहून प्लेट चिकटली असेल, ती सुटते. पुढे कधी क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलाच, तर त्या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून घ्या म्हणजे त्याला इंजिनचं ताजं तेल मिळत राहील. आज नको.

चोर्ला_घाट
पाना_तेरांना अनुमोदन. मी तर म्हणतो काहीच करू नका. बॅटरी टाका, पेट्रोल भरा, साखळी गावावरून घाट चढून जा. जे तुटेल ते दुरुस्त करा. न बिघडलेल्या गोष्टीला पाना लावला की ती बिघडते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

सौ_शिस्तप्रिय
@चोर्ला_घाट, आणि ब्रेक न बिघडलेले असले तर घाट उतरतानाच कळेल ना? हलके घ्या, पण नाही पटलं.

मी वेर्ण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. आमच्याकडे नियम असा की जे चालल्याने झिजतं ते तासांवर आणि जे पडून राहिल्याने सडतं ते कॅलेंडरवर. पंपाचं इंपेलर तासांवर, रबराचं सील वर्षांवर. या गाडीत ब्रेक पॅड, क्लच आणि डिस्कची जाडी किलोमीटरवर बघा. ब्रेक ऑइल, टायर, होस, पट्टा, कूलंट यांना तुमच्या घड्याळातल्या चौदा हजारांशी काही देणंघेणं नाही. त्यांनी अठरा पावसाळे बघितलेत. बहुतेक गोव्यातले. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जूनमध्ये कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे गाडीचं रबर काय कोरडं राहणार?

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. म्हणून पोर्शे दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगते, गाडी चालो न चालो. पाणी मिसळलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. काकांनी शेवटचं कधी बदललं होतं?

कोकमसार
@सौ_शिस्तप्रिय, काकांना विचारलं. ते म्हणाले, "ब्रेकमध्ये ऑइल असतं?"

नुस्तें_हवें
हहपुवा!! काका आपल्याला जाम आवडले.

रातांबा
टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ते सांगा आधी. वरची नक्षी बघून फसू नका.

कोकमसार
@रातांबा, आत्ताच मोबाइलचा टॉर्च घेऊन शेडमध्ये पालथा पडून आलो. पुढचे ३११४, मागचे ०९१४. नक्षी अगदी नव्यासारखी, बारीक केससुद्धा शाबूत आहेत.

रातांबा
म्हणजे २०१४चे. अकरा वर्षांचे! चारही फेका. नखाने दाबून बघा, दगडासारखे लागतील. कॅलिफोर्नियात २०१३मध्ये पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत होता त्या गाडीचा तपास झाला तेव्हा मुख्य दोष वेगाचाच निघाला, पण टायर नऊ वर्षांचे होते हेही नोंदलं गेलं. तुमचे त्याहून म्हातारे आहेत.

साध्या ९८७ला सतरा इंची चाकं असतील तर पुढे २०५/५५ आणि मागे २३५/५०. मागे-पुढे वेगळी मापं आहेत, पंक्चरवाल्याला चाकं अदलाबदल करू देऊ नका. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन आणि पुढे आकडा असतो, मिळाले तर तेच घ्या.

म्हापसा_बाजार
फॉर्च्युनरला चारही चाकं सारखी असतात. सांगून ठेवतो.

मांडवी_पार
माझ्याकडे पुण्यात असताना याच गाडीची आधीची पिढी, ९८६, चार वर्षं होती. म्हणून एक सांगतो जे कुठल्याच गॅरेजच्या यादीत नसतं आणि ज्याला एक रुपया लागत नाही.

कापडी छत जिथे मागे घडी होऊन बसतं, तिथे दोन्ही बाजूंना पाणी जायला भोकं असतात. त्यात पालापाचोळा बसला की पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत उतरतं, गालिच्याखाली साचतं. माझ्या गाडीत अलार्म आणि इमोबिलायझरचा डबा बरोब्बर सीटखाली, जमिनीवरच होता. जर्मनीत बसून कोणाला सुचलं देव जाणे. एका पावसाळ्यात माझा डबा बुडाला. गाडी किल्लीच ओळखेना. त्या डब्यात आणि नव्या किल्ल्यांत जे पैसे गेले, त्यात एक बरी स्कूटर आली असती. आणि कारण काय, तर आंब्याची सहा-सात पानं!

तेव्हा आधी सीटखाली हात घालून गालिचा दाबा. ओला आहे का बघा. मग मऊ नळी घालून भोकं मोकळी करा. दाबाने हवा मारू नका, आतली नळी निसटते. पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना रेडिएटर आहेत, तिथेही असाच पाला जमून कुजतो आणि ओल धरून अ‍ॅल्युमिनियम खातो. बंपर काढून एकदा साफ करा.

आणि ती ताडपत्री आजच्या आज काढा. खालून येणारी ओल ती धरून ठेवते. सुती कव्हर घाला.

निवृत्त_बाबू
आरसीची तारीख बघितली का?

दुबईतला_डिचोलकार
सगळे म्हणतात हे नको, ते नको. उद्या रस्त्यात बंद पडली तर? फेरारीवाले बघा, गाडी हजार किलोमीटर चालली तरी टायमिंग बेल्ट वर्षांवर बदलतात.

पाना_तेरा
@डिचोलकार, उदाहरण बरोबर, गाडी चुकीची. एफ३५५ला बेल्टसाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं आणि बेल्ट रबराचा, म्हणून वर्षांवर. फेरारीनेही एफ४३०पासून तिथे साखळी घातली. बॉक्स्टरला पहिल्यापासून साखळीच आहे. बदलायचा तो बाहेरचा पट्टा, अल्टरनेटर आणि पंप फिरवणारा. तो मात्र बदलाच. गंमत म्हणजे तो गाडीच्या आतून बदलतात. इंजिन मध्ये आहे, वर बॉनेट नाही. सीट पुढे सरकवा, मागचा गालिचा सोला, पत्र्याचं झाकण उघडा, समोर पट्टा. चहा प्यायला माझ्याकडे येत असाल तर मी दाखवतो, फोंड्याला आहे.

वॉटर पंपाबद्दल माझं मत अर्धवट आहे, खरं सांगतो. मूळ पंपाचं पातं प्लास्टिकचं असतं आणि ते जुनं झालं की तुकडे पडून कूलंटमध्ये फिरत बसतात. झाकण उघडलेलंच आहे आणि कूलंट बदलायचंच आहे, तर पंपही उरकून घ्या. नुसत्या पंपासाठी पुन्हा सगळं खोलायला मी तरी सांगणार नाही. मागच्या डिकीत कूलंटची टाकी असते, तिला चीर जाते. डिकीतला गालिचा उचलून वास घ्या. गोडसर वास आला तर गेली.

शॉक अब्सॉर्बर: तेल गळत नसेल तर हात लावू नका. छत: फाटलेलं नाही ना? मग कसलं नवीन कापड!

चोर्ला_घाट
बरं, ब्रेक ऑइल आणि टायर मान्य. सौ_शिस्तप्रिय यांच्यापुढे माघार. पण त्या मागे लागून इंजिन ऑइल बदलायला लावू नका, तीन वर्षांत शंभर किलोमीटर पण चाललं नसेल.

सौ_शिस्तप्रिय
लावणारच. रविवारची दहा-पंधरा किलोमीटरची चक्कर हा इंजिन ऑइलचा छळ आहे. तेल पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं. रोज पर्वरी ते मडगाव जाणारी गाडी याहून सुखी. जवळपास आठ लिटर लागेल, ०डब्ल्यू-४०, डब्यावर पोर्शे ए४० लिहिलेलं बघून घ्या.

पाना_तेरा
+१. आणि जुना फिल्टर फेकू नका. या गाडीत आत कागदाची घडी असते. ती कापून वर्तमानपत्रावर पसरा आणि उन्हात धरा. चकाकणारी कणी दिसली तर मग आयएमएसबद्दल बोलू. काळे प्लास्टिकचे बारीक तुकडे साखळीला आधार देणाऱ्या पट्ट्यांचे असतात, थोडे असतील तर घाबरू नका.

सुरू करण्याआधी टाकीतलं पेट्रोल उपसा. तीन वर्षांचं आहे. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं आणि पाणी तळाला बसतं. त्यावर इंजिन सुरू करू नका.

साळगांवकार
अवांतर: उंदीर. कोणीच कसं नाही बोललं? तीन पावसाळे शेडमध्ये म्हणजे आत एक कुटुंब नांदत असणार. आमच्या साध्या अल्टोचं वायरिंग एका चवथीत दोनदा खाल्लं. डांबराच्या गोळ्या, तंबाखू, मिरपूड सगळं करून झालं. शेवटी मांजर पाळलं. आता मांजर गाडीच्या छतावर झोपतं आणि उंदीर खाली.

नुस्तें_हवें
@साळगांवकार, मांजराला बांगडे घालता की नाही? पगार नाही तर काम नाही.

साळगांवकार
बांगडेच घालतो हो, म्हणून तर त्याला उंदरांत रस नाही.

रातांबा
आमच्याकडे शेणी जाळून धूर करायचे. पोर्शेखाली करू नये बहुधा.

(पुढचे अकरा प्रतिसाद उंदरांवर असल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

कोकमसार
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

पहिली अडचण बॅटरीची. ती पुढच्या डिकीत आणि डिकीचं झाकण उघडतं विजेवर. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोहोचताच येत नाही! पाना_तेरांनी फोनवर सांगितलं, पायाजवळच्या फ्यूजच्या डब्यातून लाल खुंटी बाहेर ओढायची, तिथे दुसऱ्या बॅटरीची प्लस आणि दाराच्या कडीला मायनस लावायची. 'टक्' असा आवाज आला आणि झाकण सुटलं. काका खुर्चीवर बसून बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हँडब्रेक ओढूनच गाडी उभी केली होती, मागची दोन्ही चाकं जाम. डिस्कच्या आत हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो, त्यात लायनर चिकटलेले. रबरी हातोडीने हळूहळू ठोकून अर्ध्या तासात सुटली. आता गिअरमध्ये ठेवून चाकाला चिरे लावतो.

पेट्रोल उपसलं. वार्निशचा वास. ब्रेक ऑइल निघालं ते काळ्या चहासारखं. केबिनच्या फिल्टरमध्ये उंदराचं घरटं सापडलं. कापूस, काजूच्या साली आणि आमच्या काकूंच्या जुन्या लुगड्याची किनार. वायरी शाबूत. सीटखाली कोरडं. छताची भोकं मात्र दोन्ही बंद होती, एकातून फणसाचं पान जवळजवळ अख्खं निघालं.

ऑइल फिल्टरची घडी 'तरुण भारत'वर पसरली आणि गच्चीवर नेली. मी, पाना_तेरा आणि काका तिघं वाकून बघतोय. काकांनी चष्मा लावून एकेक घडी बोटाने उघडली, जणू तांदूळ निवडतायत. दोन काळे तुकडे, मुगाच्या टरफलाएवढे. चमक काही नाही.

झालेलं काम: चार टायर, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट, पट्टा, वॉटर पंप, सहा प्लग, बॅटरी. कूलंटच्या टाकीला चीर होतीच, तीही. न केलेलं: आयएमएस, क्लच, शॉक अब्सॉर्बर, छत. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. बायकोला सव्वा लाखच माहीत आहे, कृपया कोणी धागा घरी वाचून दाखवू नये.

काल फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून आधी थोडं फिरवलं, तेल वर चढू दिलं, मग सुरू केली. पहिल्याच किल्लीला! थोडा निळा धूर आला आणि गेला. संध्याकाळी काकांना घेऊन छत उघडून मांडवीवरच्या अटल सेतूवरून पर्वरी आणि परत. जाताना ते गप्प होते. परत आल्यावर त्यांना बाहेर काढायला मी, शेजारी आणि पाव विकणारा पोदेर असे तिघं लागलो.

मांडवी_पार
वा! डोळ्यांसमोर उभं केलंत. फोटो टाका.

म्हापसा_बाजार
फॉर्च्युनरमधून काकांना एकट्याने उतरता आलं असतं. पण अभिनंदन.

निवृत्त_बाबू
तिसऱ्यांदा विचारतो आणि आता सविस्तर. मी वाहतूक खात्यात एकतीस वर्षं काढली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २००८ अधिक १५ किती? त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण घ्यावं लागतं. २०२२मध्ये साध्या कारचं शुल्क ५,००० आणि आयात गाडीचं ४०,००० झालं. तुम्ही काल अटल सेतूवर जे केलंत ते, आणि त्याचा विमा, याबद्दल मी काही लिहीत नाही.

कोकमसार
आरसी कपाटातून काढली. १९ मार्च २०२३.

नुस्तें_हवें
पॉपकॉर्न संपले, दुसरे आणतो.

दुबईतला_डिचोलकार
म्हणून म्हणालो होतो, सगळं करून घ्या.

कोकमसार
शेवटचं अपडेट. गाडी ट्रकवर टाकून तपासणीला नेली. (बाबूसाहेब, चालवत नेली नाही.) साहेब म्हणाले, बॉनेट उघडा. उघडलं. आत बॅटरी आणि मोकळा खड्डा. म्हणाले, इंजिन? मी म्हटलं, मध्ये आहे. मागचं उघडा म्हणाले. उघडलं. आत गालिचा आणि तेल ओतायचं बूच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की इंजिन मीच विकून खाल्लं असावं.

इंजिन नंबर खालून, चेंबरजवळ कोरलेला असतो. गाडी दोन जॅकवर चढवली. साहेबांनी पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, आडवे झाले आणि टॉर्च घेऊन आत सरकले. नुसते बूट बाहेर दिसत होते. बराच वेळ पुटपुटत एकेक आकडा जुळवला. मग आतूनच म्हणाले, "नंबर बरोबर आहे. पण इथं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला तेल ओलं दिसतंय, बघितलंय ना?"

पाना_तेरा, हे काय असेल?

पाना_तेरा
मागचं मेन ऑइल सील. तीन वर्षं कोरडं पडलं होतं ना. थेंब पडतोय की नुसता ओलावा आहे? आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे क्लच आणि बेअरिंगचं ते सील दोन्ही परत यादीत आले. नवीन धागा काढा.